एका हाकेत आत आलेला पाहुणा

११ एप्रिल, मंगळवार

आवाजाचं शेवटचं काम आज संपलं. ईदला सिनेमा लागेल. नाव जुनंच ठेवलं आहे: ‘दारातला पाहुणा’.

जुना सिनेमा १९५८ सालचा. त्यात एक रक्तपिशाच्च कैरोतल्या एका घराच्या दारात येतं. बोलावल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही, एवढाच त्याला कायदा. घरातली मुलगी त्याला बोलावते. ती मुलगी म्हणजे माझी आई, बहीगा हानम, तेव्हा एकोणीस वर्षांची. कॅमेऱ्यामागे माझे वडील होते. चित्रीकरण संपेपर्यंत दोघांचं ठरलं होतं. म्हणजे त्या पिशाच्चाचे माझ्यावर उपकार आहेत.

संध्याकाळी घरी आलो तर स्वयंपाकघरातून तिचा आवाज येत होता. “ये ना. ये की आत.” मग जरा थांबून, वेगळ्या सुरात, “असं काय करतोस? ये.” डोकावलो. गॅलरीत मांजर बसलं होतं.

“आई, मांजराला इतकं आर्जव?”

“पहिल्या हाकेला येणाऱ्यातलं नाही ते,” ती म्हणाली. “घरंदाज आहे.”

ती आता चौऱ्याऐंशीची आहे. या वयात माणसं एकटीच बोलू लागतात. लक्ष ठेवायला हवं.

१४ एप्रिल, शुक्रवार

शिंप्याकडून आईचा नवा काळा झगा आला. गळ्याला पांढरी लेस. जुन्या सिनेमात होता तसाच. विचारलं, “कुणाच्या मयतीला?”

“अजून ठरलं नाही,” म्हणाली.

डिसेंबरात मी तिला विचारलं होतं. म्हटलं, आई, नव्या सिनेमात आजीची एक छोटी भूमिका आहे, करतेस का? “नको रे,” म्हणाली. “माझा गुडघा.” मी तिथेच विषय संपवला. प्रागला सिनेमा शिकायला सहा वर्षं होतो. त्या शहराने एक गोष्ट अंगी बाणवली. नाही म्हणजे नाही. तिथे कॉफी नको म्हटलं की कॉफी येत नाही. पहिला महिना मी बहुतेक उपाशीच काढला. मग त्यातला स्वच्छपणा आवडू लागला.

आजीची भूमिकाच कापली. दार आता नायिका, मलक, उघडते. चोवीस वर्षांची आहे, चांगलं उघडते.

२१ एप्रिल, शुक्रवार. ईद

दुपारचा पहिला खेळ. आई, मी आणि निर्माते हाज रिफअत मधल्या रांगेत. थिएटर भरलेलं. लोक घरून काहक, ईदची बिस्किटं, घेऊन आले होते. पुढच्या सगळ्या खुर्च्यांवर पिठीसाखर सांडली होती.

पहिला अर्धा तास शांतता. मग दार.

जुन्या सिनेमात मुलगी पाहुण्याला तीनदा बोलावते. तो दोनदा नको म्हणतो. संकलनाच्या वेळी मला ते फार लांबलं. आजच्या प्रेक्षकाला गती हवी. मी एकदाच ठेवलं. मलक म्हणते, “या,” आणि यासीन शौकत, काळा कोट, पांढरा चेहरा, उंबरठा ओलांडून आत येतो. माझ्या मते सिनेमातली ही सगळ्यात थंडगार जागा.

मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, निदान एकदा तरी नको म्हण!”

थिएटर हसलं. मग एक बाई, “गालिच्यावर बूट घेऊन चालला मेला!” मग वरच्या सज्ज्यातून, “कुणाचा मुलगा आहे हा?”

यासीनने मलकच्या मानेत दात रुतवले तेव्हाही लोक हसत होते. एक जण म्हणाला, “भुकेला होता बिचारा. घरी शिकवलं नाही कुणी.”

ईदच्या दिवशी लोक असेच वागतात. उत्साह असतो.

गाडीत आईला विचारलं, “कसा वाटला?”

“खुर्ची फार छान होती,” ती म्हणाली. “पाठीला आधार होता.”

दमली असेल. पुढे विचारलं नाही. तिला काय वाटलं हे कळल्याशिवाय झोप लागणार नाही असं म्हणणार होतो. पण तसं काही नाही. मी एक्कावन्न वर्षांचा आहे.

२३ एप्रिल, रविवार

शुकरी दमनहूरीचं परीक्षण आलं. हा माणूस माझ्या लहानपणापासून लिहितो आहे. त्याने वाईट म्हटलेले सिनेमे लोक विसरतात; त्याने वाईट म्हणताना वापरलेली वाक्यं लोक विसरत नाहीत. एक उतारा इथे उतरवून ठेवतो, म्हणजे पुन्हा वाचावा लागणार नाही.

“जुन्या पाहुण्याला आत आणायला त्या मुलीला तीनदा विनवावं लागलं. तिसऱ्यांदा तिने शपथ घातली. आम्ही खुर्चीत ओरडत होतो, नको गं बोलावू, आणि ती बोलावतच होती. भीती त्याची नव्हती, तिच्या आग्रहाची होती. कारण तो आग्रह आमच्याच आयांचा होता. वगीहसाहेबांचा पाहुणा पहिल्या शब्दाला आत शिरतो. हा रक्त पितो याचं मला वाईट वाटत नाही. याला वळण नाही, याचं वाटतं.”

हे काय परीक्षण झालं? छायाचित्रणाबद्दल एक शब्द नाही. पार्श्वसंगीताबद्दल नाही. पिशाच्चाचं वळण!

आईने भिंग घेऊन दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिला खोकल्याची उबळ आली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पाणी आणून दिलं.

२५ एप्रिल, मंगळवार

एका परदेशी वृत्तपत्राने स्तुती केली आहे. “उंबरठ्यावरच्या प्रसंगातली काटकसर थक्क करते.” काटकसर! अखेर कुणीतरी पाहिलं. आईला भाषांतर करून सांगितलं.

ती शेंगा सोलत होती. “हा माणूस जेवायला कुठे जातो?”

“म्हणजे?”

“कुणी बोलावतं का त्याला?”

संवाद तिथेच संपला.

२७ एप्रिल, गुरुवार

हाज रिफअतचा फोन. त्याची शीतगृहं आहेत. माल थंड ठेवतो, स्वतः मात्र लगेच तापतो. आज खुश होता.

“वगीहबे, थिएटरं भरली! पोरं टोळ्या करून येतायत!”

“सिनेमा आवडतोय?”

“आवडतोय काय! दार वाजलं की अख्खं थिएटर पिशाच्चाच्या वतीने बोलतं. ‘नको, नको, तुम्हाला कशाला त्रास!’ मग मुलीच्या वतीने. ‘असं कसं, जेवूनच जा!’ काल एकाने तर ‘आत आला नाहीस तर बायकोला सोडून देईन’ अशी शपथ घातली, बायको शेजारी बसलेली. तिने पर्सने मारलं त्याला.”

“हाज, तो भयपट आहे.”

“लोक हसतायत यात भय कसलं? माझं भय गेलं!”

मी फोन ठेवला. अकरा वर्षांनी सिनेमा केला. अकरा वर्षं मी या एका प्रसंगाच्या शांततेबद्दल विचार केला होता. आता त्या शांततेत पाचशे माणसं एकमेकांना जेवायला बोलावतात.

आई अजून काही म्हणालेली नाही. मीही विचारलेलं नाही.

१ मे, सोमवार

बदीअ वारला. जुना ध्वनिमुद्रक, वडिलांचा मित्र. मशिदीच्या दालनात शोकसभा. पुरुष इकडे, बायका पलीकडच्या दालनात. आई तिचा जुना निळसर काळा कोट घालून आली. नवा झगा कपाटातच. “तो का नाही घातलास?” तर म्हणाली, “तो याच्यासाठी नाही.” मग कशासाठी, देव जाणे. बदीअपेक्षा जवळचं आता कोण उरलं आहे?

सोनेरी खुर्च्यांची रांग. मला जागा मिळाली ती नेमकी शुकरी दमनहूरीच्या शेजारी. उंच, वाळका, सत्तरीचा माणूस. विधुर. पुढचे दोन दात जरा लांब. आम्ही कडू कॉफी घेतली. मृताबद्दल चार चांगले शब्द बोललो. आसपासचे सगळे सिनेमावाले आमच्याकडे बघत होते. मी ठरवलं, आपण मोठेपणा दाखवायचा.

“उस्ताद, शुक्रवारी जेवायला या आमच्याकडे.”

“छे छे. तुम्हाला कशाला त्रास?”

“त्रास कसला? घर तुमचंच आहे.”

“पुन्हा कधीतरी. देव तुमचं घर भरलेलं ठेवो.”

इथे थांबायला हरकत नव्हती. रीत पाळली गेली होती. पण थांबलो तर लोक म्हणाले असते, परीक्षण झोंबलं आहे. मी त्याचा हात धरला. “आला नाहीत तर मी रागावेन, देवाशपथ. आईच्या हातची मुलुखिया आहे.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “बहीगा हानमच्या हातची?” म्हणाला. “मग नाही कसं म्हणू?”

अशी आमंत्रणं नावेतल्या माणसाने काठावरच्याला द्यायची असतात. या ना, बसा. नाव तर पुढे चाललेली असते. काठावरच्याने हात हलवायचा. हा गृहस्थ नाईलमध्ये उतरला.

घरी येताना आईला सांगितलं. तिने विचारलं, “तीनदा बोलावलंस त्याला?”

“तीनदा. शपथसुद्धा घातली.”

“त्याला.”

“हो, त्याला. काय करणार?”

ती खिडकीबाहेर बघू लागली. “म्हणजे तुला येतं,” म्हणाली.

“काय येतं?”

“मुलुखियाची पानं आणायला हवीत. कोवळी बघून आण.”

५ मे, शुक्रवार

आला. हातात बसबूसा मिठाईचा डबा. दार आईने स्वतः उघडलं, मला उठू दिलं नाही.

“या, या.”

“नको, मी फक्त डबा द्यायला आलो.”

“असं कसं? या आत.”

“तुम्ही दमला असाल, हानम.”

“माझ्या गळ्याची शपथ, आत या.”

मग तो वाकून बूट काढू लागला, ती नको म्हणू लागली, तो काढतच राहिला. मी मागे उभा होतो. मुलुखिया थंड होत होती. माझ्या हाती कात्री असती तर यातलं निम्मं कापलं असतं. आणि तरी, का कोण जाणे, मी बघत राहिलो. तो आत येणार हे माहीत होतं. तरी तो आत येईपर्यंत श्वास सोडला नाही.

जेवताना तो माझ्याशी कमी बोलला. “दमनहूरला, गावच्या थिएटरात बघितला मी तो सिनेमा,” आईला म्हणाला. “सात-आठ वर्षांचा असेन. पिशाच्चाची भीती नाही वाटली. तुमची वाटली.”

“माझी?”

“तुम्ही इतक्या मायेने बोलावत होता, की वाटलं, मीसुद्धा गेलो असतो.”

आई त्याच्या ताटात दुसरं भाजलेलं कबूतर ठेवायला गेली. तो हातांनी ताट झाकू लागला, तिने हात बाजूला करून ठेवलं. मग माझ्याकडे वळली. “तुला?”

“नको,” मी म्हणालो. म्हणायचंच असतं.

तिने माझ्या वाटणीचं कबूतरही त्याच्या ताटात टाकलं. “नाही म्हणजे नाही,” ती शुकरीला म्हणाली. “माझा मुलगा प्रागला शिकलाय.”

इतक्या वर्षांनी का होईना, तिला पटलं. बरं वाटलं. रात्री भूक लागली तेव्हा काहक खाल्ले.

१२ मे, शुक्रवार

दमनहूरी पुन्हा आला. कुणी बोलावलं नव्हतं. आईला त्याचं नवल वाटलं नाही; ताट मांडलेलंच होतं.

१९ मे, शुक्रवार

गोष्टी बदलल्या आहेत. हाज रिफअतला शरद ऋतूत घरबसल्या बघण्यासाठी नवी आवृत्ती काढायची आहे. “लोक तीनदा ओरडतात ना? मग तीनदा बोलाव. एक दिवस शूटिंगला देतो.” मलक मालिकेसाठी बैरूतला गेली आहे; थंडीपर्यंत येणार नाही. दार उघडायला माणूस हवं.

मी चिडलो होतो. सिनेमा माझा, आणि दुरुस्ती थिएटरातल्या पोरांनी सुचवलेली. शुकरीसमोर बोलून गेलो. (आला होता. शुक्रवार होता.) आई आत भांडी घासत होती.

शुकरी म्हणाला, “दार म्हातारीने उघडलं तर?”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. नळाचं पाणी गेलं असावं; आमच्या भागात जातं.

“कोण म्हातारी?” मी विचारलं.

“वगीहसाहेब. या घरात एक आहे, साठ वर्षांपूर्वी अख्ख्या देशाला घाबरवून सोडलं होतं तिने.”

“मी विचारलं होतं तिला. डिसेंबरात. नको म्हणाली.”

“कितीदा विचारलंत?”

“एकदा. ती नको म्हणाली. मी तिच्या नकाराचा मान ठेवतो.”

त्याने ताटातल्या कबुतराकडे बघितलं. मग म्हणाला, “तुम्ही प्रागला किती वर्षं होता?”

“सहा.”

“पुरेशी झाली.”

कशाला, ते बोलला नाही. समीक्षकांना वाक्य अर्धं सोडायची सवय असते. पाणी परत आलं, भांडी पुन्हा वाजू लागली. फार जोरात वाजत होती.

२३ मे, मंगळवार

दारासाठी वयस्कर नट्यांची छायाचित्रं मागवली. जेवणाच्या टेबलावर मांडली. आईने एकेक उचलून पाहिलं.

“ही? हिला दार उघडता येणार नाही. खिडकी जमली तर बघ.”

“ही चांगली आहे, आई. राष्ट्रीय रंगभूमीवर होती.”

“तिने लोकांना बोलावलं की लोक घरी जातात.”

तिसरीबद्दल म्हणाली, “हिच्या घरी मी जेवलेय,” आणि छायाचित्र पालथं घातलं.

मग उठून आत गेली. काठी टेबलालाच टेकून राहिली. हल्ली काठी विसरते. रोज सकाळी पलंगाचा खांब धरून गुडघ्याचे व्यायामही करते. ते कधी सुरू केले, विचारायला हवं.

स्वयंपाकघरात पुन्हा मांजराशी बोलणं चाललं होतं. पण आज मांजर माझ्या मांडीवर होतं.

२६ मे, शुक्रवार

आज जे झालं ते मला पूर्ण कळलेलं नाही. क्रमाने लिहितो.

जेवण. आई, मी, दमनहूरी. तो दाराच्या प्रसंगाबद्दल काहीबाही विचारत होता. शेवटी मी, केवळ त्याचं समाधान व्हावं म्हणून, आईला म्हणालो, “आई, तू करतेस का ते दार?”

“मी?” ती हसली. “कुणाला बघायचीय म्हातारी? नको.”

“बरं,” मी म्हणालो आणि सॅलड घ्यायला हात पुढे केला.

टेबलाखाली माझ्या नडगीवर लाथ बसली. जोरात. शुकरीचे बूट दारात होते, तरी लागलं. त्याची टाच हाडाची आहे. तो समोर अगदी निर्विकार बसून भात चावत होता.

मला बोलणं भाग पडलं. “नाही, आई. खरंच. कर ना.”

“माझा गुडघा बघ कसा आहे. दिवसभर उभं राहायचं म्हणजे.”

इथे मी नक्की थांबलो असतो. गुडघा हे कारण आहे. कारण दिल्यावर माणसाने थांबावं. दुसरी लाथ बसली. त्याच जागी.

अशा वेळी इथले पुरुष तलाकची शपथ घालतात. माझा तलाक आधीच झालेला आहे. ती शपथ वाया गेलेली. मी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवर वडिलांचा फोटो होता.

“बाबांच्या मातीची शपथ,” मी म्हणालो.  “दार तूच उघडायचंस. दुसऱ्या कुणी उघडलं तर मी कॅमेरा लावणार नाही.”

 शुकरीने चावणं थांबवलं.

“एवढी मोठी शपथ?” आई म्हणाली. “आता मोडायची कशी?”

ती उठली. काठीशिवाय आत गेली. बाहेर आली ती नवा काळा झगा घालूनच. लेसच्या गळ्याला इस्त्री होती. डोळ्यांत सुरमा होता. इतक्या थोड्या वेळात सुरमा कसा घातला?

“जरा कमरेत ढिला आहे,” ती म्हणाली. “डिसेंबरात माप दिलं होतं. वाट बघताना बारीक झाले.”

शुकरी उठून उभा राहिला आणि त्याने टाळी वाजवली, एकदाच. मग बसून जेवू लागला.

डिसेंबरात माप कशाला दिलं असेल? डिसेंबरात तर ती नको म्हणाली होती. शुकरी गेल्यावर हे मी तिला बोलून दाखवलं. तिने माझ्या गालावर हात ठेवला. “माझं लेकरू,” म्हणाली, “किती शिकलंय.”

आणि माझ्यासाठी एक कबूतर गरम केलं. मी नको म्हटलं, तरी केलं.

८ जून, गुरुवार

चित्रीकरण झालं. पिरॅमिडांजवळ, हरम भागातल्या स्टुडिओत, जुनंच दार रंगवून.

मी उजेड वडिलांच्या पद्धतीने लावला होता: वरून, एका बाजूने, अर्धा चेहरा काळोखात. सबंध सिनेमात मी तसाच लावला आहे. पण आईच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. वय झालंय, वरचा दिवा सोसत नाही. मी तो बंद केला आणि एक लहान दिवा खाली, घराच्या आत ठेवला, जेवणाच्या टेबलावर असतो तसा. दाराबाहेर सगळं निळं. तिच्या पाठीमागे पिवळं. मला ते जरा साधं वाटलं. वेळ नव्हता.

दार वाजलं. तिने उघडलं.

“या,” ती म्हणाली.

“नको,” यासीन म्हणाला. “तुम्हाला त्रास.”

“असं काय करतोस? ये.” हा सूर मी कुठेतरी ऐकला होता.

“पुन्हा कधीतरी, अम्मा.”

संहितेत इथे शपथ आहे. ती शपथ घालीना. दारातून जराशी बाजूला झाली, एवढंच. मागचा पिवळा उजेड त्याच्या पायांवर पडला. मग ती फार हळू म्हणाली, “अन्न निवतंय.”

यासीनने अजून थांबायला हवं होतं. माझी खूण झाली नव्हती. पण तो वाकला आणि त्याने बूट काढले. कुणी सांगितलं नव्हतं. बूट उंबरठ्याबाहेर नीट जोडून ठेवले, आणि तो आत आला. तिने दार लावून घेतलं.

मी ‘कट’ म्हणायचं विसरलो. कुणी हसलं नाही. हाज रिफअत कोपऱ्यात उभा होता. त्याने आपल्या मानेला हात लावून पाहिला.

संध्याकाळी गाडीत आई माझ्या शेजारी, झगा अजून अंगावर. अब्बास पुलाच्या आधी गर्दी होती. मी विचारलं, “आई, सिनेमा कसा होता? ईदचा. सगळा.”

“चांगला होता,” ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला की मागच्या गाडीचा भोंगा ऐकू आला नाही. चांगला होता! ईदपासून वाट पाहिली होती. गाडी पुढे घेतली. पूल लागला. आणि नडगीवरची जुनी जागा उगाच ठणकली.

“खरंच कसा होता?” मी म्हणालो.

“म्हटलं ना, चांगला होता.”

नाईलवर एक नाव चालली होती. नावाड्याने काठावरच्या कुणाला तरी हात केला.

“बाबांच्या मातीची शपथ, आई. सांग.”

तिने लेसचा गळा सारखा केला. मग म्हणाली, “पहिला अर्धा तास लोक शांत होते, तुला वाटलं घाबरलेत. ते काहक खात होते.” आणि मग थांबलीच नाही. पूल संपला, आमची गल्ली आली, जिना चढलो, चहा झाला; ती बोलतच होती. सगळं इथे लिहीत नाही. निम्मं शुकरीपेक्षा वाईट होतं.

शेवटचं मात्र लिहितो.

“सबंध सिनेमात उजेड तुझ्या बाबांचा आहे,” ती म्हणाली. “मी ओळखते तो. चोवीस वर्षं झाली त्यांना जाऊन, आणि मला अंधारात एकटीला बसवून तू तो उजेड दाखवलास. म्हणून खुर्चीबद्दल बोलले.”

मी चहाचे कप गोळा केले.

“आज दारातला उजेड तुझा होता. तो ठेव. बाकीचं त्याला बघून कर.”

मग झगा उतरवायला आत गेली.

सोमवारी संकलकाला बोलावलं आहे. नको म्हणाला, काम आहे म्हणाला. उद्या पुन्हा विचारेन.

उद्या शुक्रवार. शुकरीला मी काही कळवलेलं नाही. आईने कबुतरं साफ करून ठेवली आहेत. एकदा उंबरठा ओलांडलेल्याला पुन्हा बोलवावं लागत नाही. कायदा तसाच आहे.